२७ दिवस मिटलेलं टोडस्टूल: घरच्या टँकमधल्या एका लेदर कोरलचं प्रकरण

माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, २४० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. हे प्रकरण घडलं तेव्हा टँक १९ महिन्यांचा होता. समोरच्या बाजूला मध्यावर एक टोडस्टूल लेदर कोरल होतं, म्हणजे छत्रीच्या आकाराचं, चामड्यासारखं मऊ प्रवाळ, छत्रीचा व्यास साधारण १४ सेंटिमीटर. पूर्ण उघडलं की त्याचे पॉलिप, म्हणजे अंगावरचे फुलासारखे छोटे जीव, बोटाच्या पेराएवढे लांब व्हायचे, टोकाशी फिकट हिरवे. पॉवरहेडचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंपाचा, झोत आला की सगळे एका बाजूला झुकायचे आणि झोत सरला की पुन्हा उभे राहायचे. टँकमध्ये आलेलं ते पहिलं कोरल, त्यामुळे दादाचा त्याच्यावर विशेष जीव.

ते कोरल एके दिवशी मिटलं आणि २७ दिवस उघडलं नाही. त्या काळात नेमकं काय काय झालं हे इतक्या बारकाईने सांगता येतंय, याचं श्रेय दादाच्या वहीला. तो रोज रात्री चार ओळी लिहितो: तापमान, काय घातलं, काय हलवलं, कोण कसं दिसतंय. ती वही नसती तर आमच्या हाती फक्त तर्क उरले असते.

वहीतले पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवसाची नोंद एका शब्दाची आहे: "मिटलं." चौथ्या दिवशी लिहिलंय की छत्री मेण लावल्यासारखी चमकते आहे. पाचव्या दिवशी त्याने मला फोन केला. मी त्याला सांगितलं, "दादा, लेदर कोरल कात टाकतं. काही करू नकोस, थांब." सल्ला बरोबर होता, पण अर्धाच. कोरलवर प्रवाह किती येतोय, शेजारी कोण आहे, हे मी विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही.

सहाव्या दिवशी चमकणाऱ्या थरावर तपकिरी शैवाल धरलं. तेव्हा मात्र दादाला राहवलं नाही. सातव्या दिवशी त्याने टोडस्टूल त्याच्या दगडासकट उचललं आणि १५ सेंटिमीटर वर, मागच्या कपारीत ठेवलं. कोरल अशक्त झालंय, जास्त उजेड मिळाला तर तरतरी येईल, असा त्याचा हिशेब. जागा करण्यासाठी तिथलं दुसरं एक झाडासारखं कोरल बाजूला सरकवावं लागलं. त्याचं बूड दगडाला घट्ट चिकटलेलं होतं. ते ओढताना अर्धं फाटलं आणि पाण्यात चिकट, तारा धरणारा स्राव सुटला. वहीत यावर एकच ओळ आहे: "केनिया ट्रीचा तुकडा निघाला, काही बिघडत नाही, आपोआप जगेल."

आठव्या दिवसापासून रोज आयोडिनचे थेंब. दहाव्या दिवशी अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) ८.१ भरली, ती कमी वाटली म्हणून ती वाढवणारा बफर सुरू. तेराव्या दिवशी अल्कॅलिनिटी ११.२ झाली. त्याच दिवशी उजव्या कोपऱ्यातलं हॅमर नावाचं कठीण सांगाड्याचं कोरल आत ओढलं गेलं आणि त्याच्या बाजूचा ग्रीन स्टार पॉलिपचा सगळा गालिचा मिटून जांभळा दिसायला लागला. पंधराव्या दिवशी रात्री फोन आला. "अगं, आता एकेक करून सगळेच मिटायला लागलेत."

मी सोळाव्या दिवशी गेले.

कात टाकणं म्हणजे काय

टोडस्टूल, फिंगर लेदर यांसारखी लेदर कोरलं अधूनमधून अंगावर मेणचट पातळ पापुद्रा तयार करतात. पॉलिप आत जातात, पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत होतो. काही दिवसांनी तो पापुद्रा सुटतो आणि त्याच्यासोबत अंगावर साठलेलं शैवाल, गाळ, जिवाणू वाहून जातात. ज्याला स्वतःचं अंग पुसता येत नाही आणि जागाही बदलता येत नाही, त्या प्राण्याची ही साफसफाई आहे. पाच-सात दिवसांत संपते, कधी दोन आठवडे लागतात. मोठी जुनी कोरलं जास्त वेळ घेतात असा माझा अनुभव आहे.

पापुद्रा सुटण्यासाठी एकच गोष्ट लागते: जोरकस, बदलता प्रवाह. समुद्रात लाटा हे काम करतात. टँकमध्ये प्रवाह कमी पडला तर सुटलेला पापुद्रा छत्रीच्या घड्यांमध्ये अडकून पडतो, त्याच्याखाली पाणी खेळत नाही आणि तिथली कातडी कुजायला लागते. त्यामुळे "लेदर मिटलंय, थांबा" हे वाक्य प्रवाह तपासल्याशिवाय कुणालाही सांगू नये. मी सांगितलं होतं, म्हणून हे ठासून लिहितेय.

कात टाकणं आणि आजार यातला फरक डोळ्यांना आणि नाकाला कळतो. कात टाकणारं कोरल मिटलेलं असलं तरी देठ ताठ असतो, रंग एकसारखा असतो, वास समुद्राचाच असतो. आजारी कोरल एका बाजूला लोळतं, कुठेतरी काळा किंवा तपकिरी लिबलिबीत डाग दिसतो, पाण्याबाहेर काढलं की कुजका वास येतो. सोळाव्या दिवशी दादाचं टोडस्टूल या दोन्हींच्या मधे होतं. देठ उभा होता पण ढिला. डाग समोरून दिसत नव्हता. वास नव्हता.

आधी नुसतं पाहिलं

पहिला तासभर मी टँकला हात लावला नाही. दादाची चुळबुळ चालली होती, पण माझा आग्रह होता. आधी दिवे सुरू असताना पाहिलं, मग दिवे मालवून लाल टॉर्चने पाहिलं. लेदर कोरलं खाणाऱ्या काही समुद्री गोगलगायी असतात, रंगाने हुबेहूब यजमानासारख्या, आणि त्या बहुधा रात्री हलतात. देठाच्या बुडाशी, छत्रीच्या खालच्या बाजूला, कुरतडल्याच्या खुणा शोधल्या. काही नव्हतं. दगडाखालून दोन ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडे) बाहेर आले. दादाचा संशय लगेच त्यांच्यावर गेला. ते बिचारे मेलेलं, कुजलेलं खातात, धडधाकट कोरलच्या वाटेला जात नाहीत.

त्या तासात एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचा सगळा उलगडा तिच्यापासून झाला. टँकच्या डाव्या भिंतीवर पॉवरहेड होता. पाणी डावीकडून निघून मागच्या कपारीवरून उजव्या कोपऱ्याकडे जात होतं. डावीकडचे मश्रूम कोरल फुललेले होते. त्यांच्या शेजारचे झोअँथिड (बटणांसारखी दिसणारी कोरलं) उघडे. मिटलेले होते ते सगळे उजवीकडचे: कपारीतलं टोडस्टूल, मग हॅमर, मग ग्रीन स्टार पॉलिप. या दोन गटांच्या बरोबर मधे ते फाटलेलं झाड उभं होतं.

पाण्याचा सर्वसाधारण दोष असता, खारटपणा किंवा तापमान, तर डावं-उजवं असा भेद पडला नसता. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेले तेवढेच मिटले होते. वरून काहीतरी येत होतं.

कोण कोण आहे

सॉफ्ट कोरल म्हणून जे विकलं जातं त्यात तीन-चार वेगवेगळी घराणी असतात. खऱ्या सॉफ्ट कोरलचा गट ऑक्टोकोरॅलिया. हे नाव हेकेलने १८६६ मध्ये दिलं. पॉलिपला आठ बाहू, आणि प्रत्येक बाहूच्या दोन्ही कडांना पिसासारख्या बारीक फांद्या. हातात भिंग घेऊन आठ मोजता आले आणि पिसं दिसली की पहिली पायरी झाली. टोडस्टूल, फिंगर लेदर, केनिया ट्री, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप ही सगळी या घरातली. मश्रूम आणि झोअँथिड मात्र यात येत नाहीत. त्यांच्या अंगात चुन्याचा सांगाडा नाही म्हणून त्यांनाही व्यवहारात सॉफ्ट म्हणतात, पण नात्याने ते कठीण सांगाड्याच्या कोरलांना जवळचे आहेत. ते कात टाकत नाहीत. झोअँथिड आठवडाभर मिटले तर "थांबू या" म्हणून चालत नाही, कारण शोधावं लागतं.

टोडस्टूलची ओळख पक्की करणं सोपं गेलं. छत्रीवर दोन प्रकारचे पॉलिप असतात. एक उंच, बाहू असलेले, जे आपल्याला दिसतात. दुसरे त्यांच्या मधे टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांसारखे, बाहू नसलेले. हे दुसरे पॉलिप पाणी आत-बाहेर खेळवतात आणि सगळ्या वसाहतीचा ताठपणा त्या पाण्याच्या दाबावर टिकतो. दोन प्रकारचे पॉलिप, बोडका देठ, कडेला घड्या असलेली गुळगुळीत छत्री: हे सार्कोफायटन. छत्रीवर बोटांसारखे उंचवटे किंवा कंगोरे असते तर लोबोफायटमचा विचार केला असता. सार्कोफायटन म्हणजे ग्रीकमध्ये मांसल वनस्पती. प्रजातीच्या नावाच्या मागे मात्र मी लागत नाही. ज्याला सर्रास सार्कोफायटन ग्लॉकम म्हणतात त्यातच जनुकांच्या अभ्यासात अनेक वेगळ्या शाखा निघाल्यात. नुसतं पाहून प्रजात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. टँकसाठी वंशाचं (जीनसचं) नाव पुरतं.

आता ते "केनिया ट्री". विकत घेताना त्याच्या डब्यावर तसं लिहिलेलं होतं आणि दादाने ते मानलं. केनिया ट्री म्हणजे कॅपनेला. त्याचं खोड मऊ असतं, फांद्यांच्या टोकांना पॉलिपचे झुपके असतात आणि ते स्वतःहूनच फांद्या गाळतं. गळलेली फांदी जिथे अडकेल तिथे रुजते. म्हणून फाटल्यावर दादा निश्चिंत राहिला. त्याचा तर्क त्या नावापुरता चुकीचा नव्हता. चुकीचं होतं ते नाव.

मी काचेच्या कांडीने बुडाला हलकेच स्पर्श केला. मऊ लागलं नाही. वाळू भरलेल्या पिशवीला लागावं तसं खरखरीत, घट्ट लागलं. बोटांसारख्या फांद्यांवर पॉलिप एकाच प्रकारचे, लहान, सगळीकडे विखुरलेले, झुपके नव्हते. सिन्युलॅरियाचा संशय तिथेच बळावला.

खात्री करून घेण्याची एक जुनी पद्धत आहे. सॉफ्ट कोरलच्या मांसात चुन्याच्या बारीक काटक्या असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. वंश ओळखायचा तो त्यांच्यावरून. फाटलेला तुकडा होताच, वेगळं कापावं लागलं नाही. त्याच्या बुडातून तांदळाच्या दाण्याएवढा भाग घेऊन एका काचेच्या बशीत ठेवला आणि टँकपासून लांब, दुसऱ्या खोलीत, त्यावर घरातलं सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच टाकलं. बुडबुडे आले, मांस विरघळलं. अर्ध्या तासाने वरचं पाणी अलगद ओतून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुतलं. बशीच्या तळाशी पांढऱ्या काटक्या उरल्या. सूक्ष्मदर्शक मी बरोबर नेला होता, पण काढायच्या आधीच दादा म्हणाला, "या तर नुसत्या दिसतायत!" दोन-तीन मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीसारख्या. ४० पटीत पाहिल्यावर त्यांच्या अंगभर बारीक चामखिळी दिसल्या. बुडात इतक्या मोठ्या चात्या म्हणजे सिन्युलॅरिया. कॅपनेलाच्या अंगात असलं काही सापडत नाही.

ती बशी दादाने अजून ठेवली आहे.

नाव बदललं की काय बदलतं

सॉफ्ट कोरलांना दगडी कवच नाही आणि झोंबणाऱ्या पेशीही दुबळ्या. जागेसाठीची त्यांची भांडणं रसायनांनी चालतात. टर्पीन वर्गातली द्रव्यं ती अंगात साठवतात आणि आजूबाजूच्या पाण्यात सोडतात. सार्कोफायटनचं सार्कोफायटॉक्साइड आणि सिन्युलॅरिया फ्लेक्सिबिलिसचं फ्लेक्सिबिलाइड ही त्यातली अभ्यासलेली नावं. १९८० च्या दशकात ग्रेट बॅरियर रीफवर झालेल्या प्रयोगांत सॉफ्ट कोरलांशेजारी ठेवलेल्या दगडी कोरलांची वाढ खुंटलेली आणि ऊती मेलेल्या आढळल्या, काही ठिकाणी तर प्रत्यक्ष स्पर्श न होता. रीफवर हे पाणी वाहून जातं. २४० लिटरच्या पेटीत ते फिरून फिरून तिथेच येतं.

सिन्युलॅरिया या बाबतीत घरच्या टँकमधल्या सगळ्यांत जबर कोरलांपैकी एक. त्यात त्याचं बूड फाटलेलं, जखम उघडी, आणि टोडस्टूल नेमकं त्याच्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला आणून बसवलेलं. कपारीची कड मधे येत असल्याने टोडस्टूलवर थेट झोतही पोचत नव्हता. म्हणजे पापुद्रा निघायला लागणारा प्रवाह नाही, आणि शेजाऱ्याचा स्राव मात्र घुटमळतोय. आगीतून फुफाट्यात.

हा स्राव शोषून घेण्यासाठी टँकमध्ये सक्रिय कार्बन ठेवतात. संपमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या पेटीत) कार्बनची पिशवी होती. वहीत मागे जाऊन पाहिलं तर ती शेवटची बदलली होती चार महिन्यांपूर्वी. इतक्या जुन्या कार्बनची शोषण्याची ताकद कधीच संपलेली असते, उरतो तो काळा गाळणीदगड.

पाणी

पाण्याच्या तपासण्या फार बोलक्या नव्हत्या. तापमान २५.८, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६. हे आकडे सॉफ्ट कोरलांना मानवणारे. त्यांना काचेसारखं निर्मळ पाणी आवडत नाही, नायट्रेट शून्यावर आणून ठेवलेल्या टँकमध्ये लेदर कोरलं रोडावलेली मी पाहिली आहेत. अल्कॅलिनिटी ११.२ हा आकडा घातक नव्हता, पण तीन दिवसांत तीनने चढवणं चूक. ८.१ मध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

खारटपणाने मात्र चकवलं. दादाचा रिफ्रॅक्टोमीटर (हजार भागांत मीठ किती हे दाखवणारं यंत्र) ३५ दाखवत होता. तो त्याने आरओ पाण्यावर शून्य लावून ठेवलेला. मी ३५ चं प्रमाणित द्रावण नेलं होतं. त्याचा थेंब टाकला तर आकडा ३३. म्हणजे टँकमधलं पाणी खरं ३७ होतं, आणि कोण जाणे किती महिने. शून्यावर जुळलेलं यंत्र ३५ वर जुळेलच असं नाही, ज्या आकड्याजवळ वापरायचं त्याच्याजवळ जुळवावं. मिटण्याचं कारण हे नव्हतं, नाहीतर मश्रूमही मिटले असते. पण ज्या प्राण्याचा ताठपणाच अंगातल्या पाण्यावर आहे त्याला हा ताण कशाला द्यायचा? सहा दिवसांत थोडं थोडं खारं पाणी काढून त्याजागी आरओ पाणी घालत ३५ वर आणलं.

इथे एक गोष्ट थांबून सांगते. सातव्या दिवशी दगड हलवताना दादाचे हात उघडे होते आणि अंगठ्याला चीर होती. हलवलेल्या दगडांपैकी एकावर झोअँथिड होते. या कुळातल्या काही कोरलांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये ते पॅलिथोआपासून वेगळं काढून त्याचं वर्णन झालं आणि नैसर्गिक विषांमध्ये ते सर्वांत जहाल असलेल्यांपैकी एक आहे. त्यावर उतारा नाही. कातडीच्या चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, गरम केलेल्या दगडाच्या वाफेतून ते शरीरात जातं. दादाला काही झालं नाही, पण हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोअँथिडच्या दगडाला हात लावायचा नाही. असला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही.

काय केलं

सोळाव्या दिवशी संध्याकाळी टोडस्टूल त्याच्या मूळ जागी, समोर मध्यावर, परत आणलं. पॉवरहेडचा झोत थेट अंगावर न टाकता समोरच्या काचेवर आपटून वळेल असा फिरवला. थेट एकसुरी झोताने लेदर कोरलची कातडी सोलवटते. त्याला हेलकावे लागतात. सिन्युलॅरियाचं फाटलेलं बूड धारदार पात्याने सरळ कापून जखम लहान केली आणि त्याला उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या खालच्या अंगाला नेलं. हॅमर आणि ग्रीन स्टार पॉलिप त्याच्यापासून वीस सेंटिमीटरवर येत होते, पण आता प्रवाह त्यांच्यावरून सिन्युलॅरियाकडे जात होता.

नवा कार्बन १२० ग्रॅम, आरओ पाण्यात काळं पाणी जाईपर्यंत धुऊन, पाणी जिथून जोरात जातं तिथे ठेवला. दोन आठवडे दर चार दिवसांनी बदलला. एक खबरदारी घेतली: कार्बन पाण्यातला पिवळेपणाही काढतो, त्यामुळे उजेड अचानक जास्त आत पोचतो. म्हणून दिव्यांची तीव्रता १५ टक्के उतरवली आणि दहा दिवसांत परत चढवली. आयोडिन आणि बफर बंद. दर तीन दिवसांनी १५ टक्के पाणी बदललं.

आयोडिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, नियमित पाणी बदलाने ते भरून निघतं. मोजल्याशिवाय रोज थेंब टाकणं म्हणजे आपल्या काळजीला औषध देणं, कोरलला नव्हे.

एकोणिसाव्या दिवशी ग्रीन स्टार पॉलिप उघडले. त्यांची जागा बदलली नव्हती, उजेड उलट कमी केला होता. टोडस्टूलच्या डाव्या कडेचा पापुद्रा त्याच दिवशी फडफडायला लागला. दादाने मोठ्या रबरी पिचकारीने त्यावर पाणी मारलं तेव्हा तपकिरी शैवालासकट तळहाताएवढा तुकडा सुटून स्किमरकडे (पाण्यातला मळ फेसातून काढणाऱ्या यंत्राकडे) गेला. खालची कातडी स्वच्छ, पिवळसर, साबर-चामड्यासारखी.

विसाव्या दिवशी मात्र फोनवर आवाज पडलेला. "उजवीकडची घडी उलगडून पाहिली. आत काळं आहे."

मी गेले. दोन घड्यांच्या मधे पापुद्र्याची सुरळी अडकली होती आणि तिच्याखाली नखाएवढा काळा, लिबलिबीत डाग. आता वास होता. अशा वेळी थांबणं चूक. कूज लेदर कोरलमध्ये झपाट्याने पसरते आणि कापण्याने कोरल मरत नाही. टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ते काढलं, हातमोजे आणि चष्मा घालून, नव्या पात्याने डागाच्या बाहेर दीड सेंटिमीटर निरोगी भाग धरून छत्रीची पाचर काढली. कापलेली कड आतून पांढरी आणि घट्ट दिसेपर्यंत. दादा दुसरीकडे बघत होता. मग टँकच्या पाण्यात पोविडोन आयोडिन, फिक्या चहाच्या रंगाइतकं, त्यात दहा मिनिटं. (इथे आयोडिनला काम आहे, जखम धुण्याचं.) मग स्वच्छ टँकच्या पाण्यात खळबळून परत जागेवर. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतलं नाही. कापल्यामुळे टोडस्टूलही आपली द्रव्यं सोडणार, म्हणून त्याच रात्री कार्बन पुन्हा बदलला.

पाचरीच्या निरोगी कडेतून तीन छोटे तुकडे निघाले. लेदर कोरलचे तुकडे बुळबुळीत असतात, डिंकाने चिकटत नाहीत. जाळीच्या डब्यात बारीक दगडांच्या तुकड्यांवर, जेमतेम हलेल अशा पाण्यात ठेवले. तीन आठवड्यांत दोन आपणहून दगडाला धरले. तिसरा विरघळला.

त्यानंतर

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी दिवे लागल्यावर छत्रीच्या पुढच्या कडेला नऊ पॉलिप बाहेर आले. दादाने मोजले. आधी टोकं, हिरव्या टाचण्यांसारखी. तासाभराने आठही बाहू. मधला भाग अजून बंद होता. अडतिसाव्या दिवशी पूर्ण छत्री उघडली, फक्त पाचरीच्या जागी खाच. चार महिन्यांत ती खाच नुसत्या एका घडीसारखी दिसायला लागली. हॅमरला सर्वांत उशीर लागला. दीड महिना ते अर्धंच फुगत होतं.

एकाच संध्याकाळी आम्ही जागा, प्रवाह, कार्बन, सगळंच बदललं. प्रयोग म्हणून ते कच्चं आहे, पण कोरल मरत असताना एकेक बदल करत बसायला वेळ नव्हता. तरी क्रमाने बराच उलगडा होतो. जागा न बदललेला आणि उजेड न वाढवलेला ग्रीन स्टार पॉलिपचा गालिचा नव्या कार्बननंतर तीन दिवसांत उघडला, यावरून पाण्यातून येणाऱ्या स्रावाचा दोष मला पक्का वाटतो. टोडस्टूलचा पापुद्रा अडकला तो कपारीतल्या मंद पाण्यामुळे. आणि पहिल्या सहा दिवसांत, दगड हलवण्याआधी, मला खात्री आहे की ते फक्त कात टाकत होतं. त्याच जागी, त्याच प्रवाहात ठेवलं असतं तर आणखी आठवडाभरात आपणहून मोकळं झालं असतं.

दादाने सगळ्या कोरलांची पुन्हा ओळख करून घेतली, भिंग घेऊन, एका रविवारी. ज्याला तो दुसरं लहान टोडस्टूल समजत होता ते कंगोऱ्यांवरून लोबोफायटम निघालं. काळजी जवळपास तीच, पण ते आडवं पसरतं, म्हणून त्याच्याभोवती दहा सेंटिमीटर जागा ठेवली. डब्यावरचं नाव आता त्याच्या वहीत प्रश्नचिन्हासह लिहिलं जातं.

साडेपाच महिन्यांनी टोडस्टूल पुन्हा मिटलं. यावेळी फोन चौथ्या दिवशी आला, आणि मी विचारायच्या आत तो सांगायला लागला: चमक आली आहे, देठ ताठ, वास नाही, कार्बन बारा दिवसांपूर्वीचा, झोत काचेवरून वळून येतोय, घड्यांमध्ये रोज पिचकारी मारतो. मी विचारलं, "हलवलंस?" म्हणाला, "हात मागे बांधून बसलोय." आठव्या दिवशी पापुद्रा एका तुकड्यात निघाला. वहीतली त्या दिवशीची नोंद: "सकाळी ९.४०, पूर्ण सुटला. दुपारपर्यंत कडेचे पॉलिप बाहेर. काही घातलं नाही."